पाच तुह्या, पाच माह्या

भोयर सर पोरांना उठाबशा काढायला लावतात आणि निम्म्या स्वतः काढतात. गणित आलं नाही की दहा. "पाच तुह्या, पाच माह्या. तू शिकला नाई, मी शिकवलं नाई," असा त्यांचा कायदा. वय सत्तावन्न, गुडघ्याला पट्टा, तरी एक उठाबशी कमी नाही.

नाचणगावच्या पलीकडं आमची शाळा. दोन वर्षांपूर्वी वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड आले, तेव्हा आम्हा मास्तरांना आनंदाचं भरतं आलं. सरांचं डोकं फिरलं. मी व्हिडिओ लावून वह्या तपासत बसलो की दारातून तोफ सुटायची, "काऊन गा मास्तर, पडदा शिकवून राह्यला, अन् तू काय करून राह्यला? तुहा पगार त्या पडद्यालेच देजो!" पोरांनाही सोडत नसत. "टुकूटुकू पाहून राह्यले! सिनेमा लागला काय? विचारा ना लेकहो, असं काऊन म्हणून!"

मला भयंकर राग यायचा. माणूस खरं बोलतो म्हणून काय रोज बोलावं?

आठवीतली प्रणाली नावाची पोरगी बोर्ड चालवायची. कुठंही अडकला की हिला बोलवा. मी बोलवायचो, भोयर सरही बोलवायचे. बोर्डाजवळ उभ्या राहिलेल्या पोरीला कोणी गणित घालत नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

परवा भरदुपारी वीज गेली. माझा व्हिडिओ बंद, म्हणून मी सरांच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी फळ्यावर साधा भागाकार लिहिला, ब्याण्णव भागिले चार, आणि सहज प्रणालीच्या हातात खडू दिला.

ती नुसती उभी. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

सर खवळले, पण तिच्यावर नाही. "दोन वर्षं! दोन वर्षं काय करून राह्यलो आपण?" ते माझ्याकडं बघून ओरडले. मी मान खाली घातली. मग ते वर्गाकडं वळले. "हसू नका! मले हा बोर्ड चालू बी करता येत नाई. विचारायची लाज वाटे. म्हणून या पोरीच्या मागं लपून राह्यलो." आवाज पार फाटला होता.

प्रणालीचे डोळे भरले. "मी बी बोर्डामागं लपलीच होती, सर," ती म्हणाली. "तुम्ही गणित विचारसान या भेवानं."

सरांनी चष्मा पुसला. पहिल्या बाकावर बसून सरकले, तिला जागा केली.

"ये बाई, बस. मले बी आजवर कोणी विचारलं नाई, तुम्हाले येते काय म्हणून."