गुरुजींची चूळ

त्या बसडेपोत सकाळी गाडी ताब्यात घेण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला दारू पकडणाऱ्या एका यंत्रात फुंकर मारावी लागे. यंत्र गप्प राहिलं तर किल्ली, बोंबललं तर निलंबन. गुरुजी ही फुंकर अशा थाटात मारत, की यंत्रालाच संकोच वाटावा. ते ड्रायव्हरच, पण दारूवर व्याख्यानं देऊन देऊन त्यांना हे नाव पडलं होतं. ‘आयुष्यात थेंबाला शिवलो नाही’ हे त्यांचं वाक्य डेपोतल्या प्रत्येकाला पाठ होतं. सगळ्यात जास्त ते पहिलवानाच्या वाट्याला येई, कारण शेजारच्या मार्गावरचा हा ड्रायव्हर यंत्रासमोर नेहमी घाम पुसत उभा राही.

मग गुरुजींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“नुसतं घासून भागणार नाही, काका,” बाई म्हणाल्या. “दातांच्या मुळाशी जंतूंचा चिकट थर बसलाय, त्याला प्लाक म्हणतात. ब्रश करायचाच, आणि जोडीला या माउथवॉशने चूळ भरायची. गिळायचं नाही.”

सांगितलेलं काम गुरुजी रतीभरही कमी करत नसत. जास्त मात्र करत. घरी दोन वेळा चूळ भरून त्यांचं समाधान होईना, म्हणून बाटली डब्याच्या पिशवीत आली. त्या सकाळी कँटीनचा चहा प्यायल्यावर दातांवर थर चढल्यासारखं वाटलं. त्यांनी बेसिनपाशी जाऊन झकास चूळ भरली आणि तसेच यंत्रापुढे उभे राहिले.

यंत्र किंचाळलं. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

डेपोच्या साहेबांनी नाक पुढे केलं. “पुदिन्याचा वास येतोय, गुरुजी.”

“येणारच. तोंड स्वच्छ आहे.”

“दुसरा वास झाकायला लोक हेच करतात,” साहेब म्हणाले. “पाव तास बसा. नियमाप्रमाणे पुन्हा फुंकायचं.”

गुरुजी बाकावर बसले. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि बायकोला काय सांगायचं? त्यांनी शांतपणे विचार केला. तोंडात काहीतरी अडकलंय म्हणूनच यंत्र ओरडलं. तेव्हा तोंड आणखी स्वच्छ करणं हाच उपाय. ते बेसिनपाशी गेले, ब्रश केला आणि या वेळी दोन झाकणं भरून चूळ भरली.

दुसरा आकडा पहिल्याच्या वर गेला.

“बसल्या बसल्या वाढली?” साहेबांचा आवाज चढला. “कुठे ठेवलीय बाटली?”

गुरुजींनी ती ताठ मानेनं टेबलावर ठेवली. “औषध आहे. वाचून बघा.”

साहेबांनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, मग गुरुजींकडे पाहिलं. “यात अल्कोहोल आहे.”

गुरुजींनी बाटली हातात घेऊन ती अक्षरं पुन्हा वाचली. “एकदा थोडं पोटातही गेलं होतं,” ते कसेबसे म्हणाले.

साहेबांनी बाईंना फोन लावून दिला.

“बिनअल्कोहोलचंही मिळतं, काका. ड्रायव्हर आहात हे सांगायचं नाही का?”

“तुम्ही तोंड उघडं ठेवायला सांगितलं होतंत. बोलणार कसं?”

मग साहेबांनी त्यांना पाण्यानं खळखळून चुळा भरायला लावल्या, डोळ्यांसमोर बसवलं आणि पाव तासानं पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. किल्ली हातात घेताना गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी उशिरा सुटली, प्रवाशांनी बोल लावले, तेही त्यांना गोड वाटले. जाता जाता पहिलवानानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि अदबीनं विचारलं, “गुरुजी, हे औषध कुठल्या दुकानात मिळतं?”

दुसऱ्या दिवशी पहिलवानानं फुंकर मारली आणि यंत्र किंचाळलं. त्यानं निमूटपणे खिशातून बाटली काढली.

“गुरुजींचंच औषध, साहेब. आपल्यालाही प्लाक झालाय.”

साहेबांनी त्यालाही पाण्यानं चुळा भरायला लावल्या आणि समोर बसवलं. पाव तास झाला. आकडा तसूभरही हलला नाही.

“गुरुजींचा तर उतरला होता,” साहेब म्हणाले.

“त्यांचा थर कालपरवाचा, साहेब. आपला फार जुना आहे.”

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. सगळी रांग गुरुजींकडे पाहू लागली. व्याख्यान द्यायला याहून चांगली वेळ आली नसती. गुरुजींनी ओठ घट्ट मिटले, किल्ली उचलली आणि ते गाडीकडे चालू लागले.