रोजचं ‘आहे’

हिशेबनीसाने आयुष्यात फारसे निर्णय घेतले नव्हते. (घरातले बायको घेई, ऑफिसातले साहेब.) त्यामुळे एका सोमवारी त्याने स्वतःच्या डोक्याने एक निर्णय घेतला, तेव्हा दिवसभर त्याला आपण थोडे उंच झाल्यासारखं वाटत होतं.

त्याची कंपनी लोकांना ईमेलची खाती वापरायला देई. दुकानदार, दवाखाने, वकील, सगळ्या थरांतलं गिऱ्हाईक. वर्षाचे पैसे भरायचे, नाही भरले तर खातं बंद. बंद करायचं काम हिशेबनीसाकडे होतं आणि ते त्याला मुळीच जमत नसे. बंद करण्याआधी तो फोन करी. पलीकडे कुणाचं ऑपरेशन निघे, कुणाचा भागीदार पळालेला असे. फोन ठेवेपर्यंत हिशेबनीसच डोळे पुसू लागे आणि गिऱ्हाइकाला मुदत मिळे.

"तुम्ही इथे वसुलीला बसलाय की सांत्वनाला?" साहेबांनी विचारलं, तेव्हा त्याने ठरवलं, आता फोन नाही. स्मरणपत्रं कॉम्प्युटर पाठवेल, खातंही कॉम्प्युटरच बंद करेल. दया यायला समोर कुणी असायलाच नको.

पहिल्याच फेरीत पुष्कळ खाती बंद झाली. त्यांतलं एक त्याच्या घरचं होतं.

(कर्मचाऱ्यांना खातं सुरुवातीला फुकट मिळे, ती मुदत संपली होती. स्मरणपत्रं त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर आली होती, पण ती त्यानेच लिहिलेली. आपणच लिहिलेलं कोण वाचतं?) थोडक्यात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ते खातं वापरत त्याचे वडील. बाबांचा सगळा पत्रव्यवहार एकाच माणसाशी, घड्याळजींशी. तरुणपणी दोघे एका खोलीत भाड्याने राहत. आता घड्याळजी लांबच्या गावी एकटे होते. जन्मभर घड्याळं कानाला लावून त्यांचे कान निकामी झालेले, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. हिशेबनीसाने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. दोघांच्याही बायका गेल्यावर दोघा मित्रांनी एक ठरवून टाकलं होतं. सकाळी उठल्यावर घड्याळजींनी मेल करायची, ‘आहे.’ बाबांनी उत्तर द्यायचं, ‘मीही.’ संपलं.

"ह्याला काय पत्रव्यवहार म्हणायचा?" हिशेबनीस एकदा हसला होता.

"ह्या वयात आणखी काय कळवायचं असतं?" बाबा म्हणाले होते.

त्या आठवड्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बाबांचं काहीतरी बिनसलंय. आजही चहा अर्धा टाकला."

"साखर कमी पडली असेल."

"तुमचं लक्ष कुठे असतं हो? फोन हातात धरून बसलेत सकाळपासून."

हिशेबनीस बाबांच्या खोलीत गेला. बाबा खिडकीशी बसले होते.

"काय झालं, बाबा?"

"घड्याळजी गेला असावा."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मेल येत नाही. मी विचारलं, ‘आहेस का?’ त्यालाही उत्तर नाही." (बाबांची मेल फोनातच अडकून पडली होती. पण बटण दाबलं की मेल पोचली, असा त्यांचा विश्वास होता.)

"कुणा शेजाऱ्याला फोन करून बघू का?"

"नको. विचारलं की ते सांगतील. अजून निदान कुणी सांगितलेलं तरी नाही."

हिशेबनीस बाहेर आला. त्याने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. बाबांना घेऊन घड्याळजींच्या गावी जायचं, जे असेल ते बघायचं.

सकाळी निघता निघता दाराची बेल वाजली. दारात एक म्हातारा, प्रवासात शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. त्याने हिशेबनीसाचे दोन्ही हात धरले.

"धीर धर, बाळा."

हिशेबनीस काय ते समजला. घड्याळजींच्या गावाहून कुणीतरी निरोप घेऊन आलं होतं तर.

"कधी झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आम्हाला काहीच कळलं नाही हो. तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याला त्यातलं काही ऐकू गेलं नसावं. "फार सरळ माणूस," असं म्हणून तो हिशेबनीसाच्या खांद्यावर हात ठेवून रडू लागला. समोरचा रडला की हिशेबनीसाला राहवत नसे. तोही रडला. पाणी घेऊन आलेली बायको तांब्या हातात धरून रडली.

"चला रे, बस चुकेल," म्हणत बाबा पिशवी घेऊन बाहेर आले.

म्हाताऱ्याचा हात हिशेबनीसाच्या खांद्यावरून गळून पडला. बाबांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

"आहेस?" घड्याळजींनी विचारलं.

बाबांनी मान डोलावली.

"मग कळवायला काय धाड भरली होती तुला, गाढवा!"

मग दोघे कोचावर गुडघ्याला गुडघा लावून बसले. चहा आला, तो बाबांनी पूर्ण प्यायला.

"पण मी गेलो, असं तुला वाटलं तरी कशावरून?" बाबांनी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

घड्याळजींनी खिशातून फोन काढला आणि आपल्या ‘आहे’ला उलट आलेली मेल मोठ्याने वाचली. "‘पैसे न भरल्यामुळे हे खाते बंद करण्यात आले आहे.’ म्हटलं, ह्या माणसाने जन्मात कुणाचा पैसा थकवला नाही. आणि आता थकलाय, म्हणजे हा नाहीच."

बायकोने हिशेबनीसाकडे पाहिलं.

"अहो, हे खातं कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," हिशेबनीस म्हणाला.

"आणि बंद कुणी केलं?"

"तसं म्हटलं तर... कॉम्प्युटरने."

"काय म्हणतो?" घड्याळजींनी विचारलं. मग बाबांना घड्याळजींच्या कानाशी सगळं ओरडून सांगावं लागलं. पैसे ह्याने भरायचे होते, भरले नाहीत, आणि न भरणाऱ्यांची खाती बंद करायची युक्तीही ह्याचीच. जिन्यातून जाणारे वरच्या मजल्यावरचे शेजारी थांबून ऐकत होते.

घड्याळजींनी हिशेबनीसाला, दुरुस्तीला आलेलं घड्याळ न्याहाळावं तसं, खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ते बाबांच्या कानाशी वाकले आणि, कुजबुजतोय अशा समजुतीने, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"पोरगं काही तुझ्या वळणाचं नाही रे."