सुपडूभाऊ कॅमेरा निवडतात

कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस सोबत काय नेतो? पैसे नेतो, फार तर एखादा जाणकार मित्र नेतो. आमचे शेजारी सुपडूभाऊ अँबॅसिडरचं दार न्यायचे. भंगारातून आणलेलं, काळंभोर, घासून घासून आरसा केलेलं. माझ्या स्कूटरवर मागे ते दार कवटाळून बसायचे आणि जळगावातलं आमचं अख्खं पिंप्राळा आमच्याकडे बघत राहायचं. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट.

भाऊ मूळचे शिरपूरकडचे. घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या चमकवून द्यायचे. लग्नाची गाडी असो की डॉक्टरांची फियाट, जाळीतली धूळ जुन्या दातब्रशनं काढायची, नंबरप्लेटचे कोपरे काडीला कापूस गुंडाळून पुसायचे. "गाडी म्हंजे मालकनं तोंड शे," असं येताजाता ऐकवायचे. स्वतःच्या तोंडाची दाढी मात्र रविवारीच.

त्यांना आपल्या हातच्या गाड्यांचा अल्बम करायचा होता. आता गाडी एवढी चकचकीत म्हटल्यावर फोटोत फोटो काढणारा उमटणारच. पण भाऊंच्या मते तो कॅमेऱ्याचा दोष. "गाडी दिखत नही, मीच दिखस! माले मना फोटो कसाले पाहिजे?" ज्यात आपण दिसणार नाही असा कॅमेरा कुठेतरी असणारच, यावर त्यांची श्रद्धा होती. म्हणून दुकानात दार उभं करायचं आणि प्रत्येक कॅमेऱ्याला डोळा लावून त्यात बघायचं. जळगावची दुकानं संपली तेव्हा आम्ही धुळ्याला गेलो. एस.टी.च्या कंडक्टरनं दाराचं लगेजचं तिकीट फाडलं. पारोळ्यापर्यंत दोन प्रवाशांनी त्यात बघून भांग पाडला.

धुळ्याचा दुकानदार सज्जन होता. तीन कॅमेरे दाखवून झाल्यावर हात जोडून म्हणाला, "भाऊ, कॅमेऱ्यात खोट नाही. तुम्ही पॉलिश जरा कमी करा."

भाऊंनी मुकाट्यानं दार उचललं. स्टँडवर आल्यावर म्हणाले, "हाऊ मानूस नवरीलेबी सांगी, कमी नट!"

शेवटी जळगावच्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याला दया आली. तो एकेक कॅमेरा एका रोलपुरता घरी देऊ लागला. अंगणात दार भिंतीला टेकवलं जायचं. भाऊंच्या बायको, आमच्या अक्का, लुगड्याच्या मऊ फडक्यानं ते पुसायच्या आणि वर ऊन चमकू नये म्हणून दोन्ही हातांनी चादर धरून उभ्या राहायच्या. एकदा मी म्हटलं, "अक्का, तुमचाही एक काढू या."

"मना फोटो कसाले? मी काय मोटार शे?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की चादर हलली आणि भाऊ चिडले.

फोटो धुऊन आले की भाऊ प्रत्येकाच्या पाठीवर लाल पेनानं 'बाद' लिहायचे, कारणासकट. मग तो बिस्किटांच्या डब्यात जायचा. कॅमेरा काही ठरला नाही.

त्या उन्हाळ्यात अक्का चार दिवसांच्या तापात गेल्या. दहाव्याच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला हाक मारली. भिंतीवर लावायला फोटो नव्हता. "इतला कॅमेरा देखात भाऊ," ते म्हणाले, "तिना एक बी फोटो नही."

मला बिस्किटांचा डबा आठवला. आम्ही दोघं जमिनीवर बसून बाद फोटो चाळू लागलो. दार, दारात भाऊ. पुन्हा दार, दारात भाऊंचा गुडघा. आणि एका फोटोत, काळ्याभोर दारात, डोक्यावर चादर धरून हसणाऱ्या अक्का. अगदी स्वच्छ. मागे लाल अक्षरात: 'बाद. हाई मधे ऊनी.' म्हणजे, ही मधे आली. बायकोला ते 'हाई'च म्हणायचे. मला हसू आलं आणि मी फोटो भाऊंच्या हातात दिला.

स्टुडिओवाला म्हणाला, चेहरा तेवढा कापून मोठा करतो. भाऊ म्हणाले, "दार राहू दे. तिनीच पुसेल शे."

म्हणून त्यांच्या घरात मोटारीच्या दाराला हार आहे. नवा पाहुणा गोंधळतो, पण हात जोडतो. भाऊ रोज सकाळी त्याच मऊ फडक्यानं फोटोवरची काच पुसतात. परवा मी सहज म्हटलं, "भाऊ, इतकी घासलीत की काचेत अक्कांच्या शेजारी तुम्हीच दिसताय."

ते बाजूला सरकले नाहीत.

"दिखू दे," म्हणाले.