एकवीस रकान्यांचं पुस्तक

आदेश चार ओळींचा होता आणि तक्तेरावांनी तो चौदा वेळा वाचला. कचेरीतला खरेदी विभाग बंद होणार होता. तिथल्या कर्मचाऱ्यांनी तीन महिन्यांत संगणक-दुरुस्तीची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी. पास होतील त्यांना यंत्रकक्षात जागा, उरलेल्यांनी तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत रुजू व्हावं. खरेदी विभागात कर्मचारी म्हणजे तक्तेराव एकटेच होते.

त्या तळघराला खिडकी नव्हती. आधीचा कारकून तिथं सहा वर्षं काढून निवृत्तीच्या दिवशी वर आला, तो उजेड बघताच शिंकायला लागला आणि स्वतःच्या निरोप समारंभात शेवटपर्यंत शिंकतच राहिला. ते आठवून तक्तेरावांनी आदेश पंधराव्यांदा वाचला.

तक्तेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, कचेरीनं चिकटवलेलं. टाचणी घ्यायची असो की कपाट, तीन नमुने मागवायचे, तुलनेचा तक्ता आखायचा, समितीचा अभिप्राय घ्यायचा आणि मग निवड, हे त्यांनी एकोणीस वर्षं केलं होतं. त्यांच्या हातून एकही चुकीची वस्तू कधी आली नाही. बऱ्याच वस्तू आल्याच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्याच संध्याकाळी ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंनी परीक्षेचं नाव ऐकलं आणि मागे न बघता एक पुस्तक काढून दिलं.

"हे न्या. सगळे हेच नेतात."

"बाकीची दोन दाखवा."

"कुठली दोन?"

"कुठलीही. पण तीन व्हायला हवीत."

तीन पुस्तकं घरी आली. एक उशीएवढं जाड, एक मध्यम, एक वहीसारखं बारीक. बायकोनं शिवणयंत्रावरून मान वर केली. ती घरी शिवणकाम करायची, आणि यंत्र अडलं तर स्वतःच उघडून, पुसून, तेल घालून चालू करायची.

"बरं झालं आणलीत. बसा आता वाचायला."

"मी?" तक्तेराव दचकले. "अगं, नमुना ज्याला घ्यायचाय त्यानं वापरायचा नसतो. मन एकीकडे झुकतं. नमुना तपासायचा समितीनं."

"आणि समिती कोण?"

तक्तेरावांनी तिन्ही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली.

"माझी सात झबली पडलीयेत शिवायची," ती म्हणाली. पण नवऱ्याचा चेहरा इतका पडला होता की तिनं मुकाट्यानं जाड पुस्तक ओढून घेतलं.

समितीला अध्यक्ष हवा म्हणून त्यांनी सासऱ्यांना विचारलं, आणि इथं घात झाला. सासरे निवृत्त लेखापरीक्षक. तीस वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला फक्त वर्तमानपत्र उरलं होतं. तक्ता हातात पडताच म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला.

"जावईबापू, यात पहिला आक्षेप. समितीत बायको आणि सासरा. हे कुठल्या नियमात बसतं?"

"बाबा, पण तुम्हीच ना सासरे?"

"म्हणूनच म्हणतो. मी राजीनामा देतो. यापुढे मी बाहेरून तपासणार."

आणि ते बाहेरून, म्हणजे समोरच्या खुर्चीवरून, रोज तपासू लागले. वजनाचा रकाना नाही. शिलाईचा नाही. चित्रं मोजलीत, पण चित्रांतले बाण मोजले नाहीत. प्रत्येक आक्षेपाला एक रकाना वाढत होता आणि एक आठवडा कमी होत होता. तक्तेराव फूटपट्टी घेऊन पुस्तकांची जाडी मोजत. पुस्तक उघडायचा मोह झाला की ते उठून पाणी पीत.

दुसऱ्या महिन्यात घरचा संगणक बसला. बटण दाबलं की तीनदा केविलवाणं पिंपिं करायचा आणि पडदा काळाच. वाढलेल्या रकान्यांचा तक्ता त्यातच होता.

"दुरुस्तीवाल्याला बोलवा ना," बायको म्हणाली.

"एकाच दुरुस्तीवाल्याला?" सासरे म्हणाले.

तक्तेरावांना रडू यायचं बाकी होतं. संगणक दुरुस्त करायला पुस्तक वाचायला हवं, पुस्तक वाचायला ते निवडायला हवं, आणि निवडायचा तक्ता बिघडलेल्या संगणकात. शेवटी त्यांनी चादरीएवढा कागद जमिनीवर पसरला आणि पहिल्यापासून आखायला बसले. एकवीस रकाने. कचेरीतून आले की गुडघ्यांवर बसून आखायचं, चुकलं की खोडायचं. मधूनच त्यांना उगाच शिंक यायची आणि तळघर आठवायचं.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा बेरीज पुरी झाली. मध्यम पुस्तक अर्ध्या गुणानं पुढे होतं. तेच, ग्रंथपाल बाईंनी पहिल्यांदा काढून दिलेलं. तक्तेरावांनी ते उचललं, चष्मा पुसला, पहिलं पान उलटणार तोच समोरच्या खुर्चीवरून आवाज आला.

"नमुना परत करायचा असतो, जावईबापू. वापरायची ती नवी प्रत."

नियम खरा होता. तो तक्तेरावांनीच एकोणीस वर्षं लोकांना ऐकवला होता. त्यांनी नवी प्रत मागवली. बेरजेतला एक आकडा नीट करायला खोडरबर शोधला, तोही जागेवर नव्हता. "खोडरबर कुठाय गं?" त्यांनी हाक मारली. "आणते हं," आतून उत्तर आलं, पण खोडरबर काही आला नाही.

नवी प्रत परीक्षेच्या दिवशी सकाळी आली, प्लास्टिकच्या वेष्टनात. उघडायला वेळ नव्हता. तक्तेराव ती छातीशी धरून परीक्षेला गेले.

पडद्यावर पहिला प्रश्न आला. संगणक सुरू करताना तीनदा पिंपिं आवाज येतो व पडदा काळा राहतो. सर्वप्रथम काय कराल? खाली चार पर्याय होते. 'समिती नेमा' हा त्यात नव्हता. पुढच्या एकोणनव्वद प्रश्नांतही नव्हता. निकाल तिथल्या तिथे लागला. पास व्हायला सत्तर गुण हवे होते. तक्तेरावांना चोवीस पडले.

ते पायी घरी आले. सकाळी त्यांना तळघरात रुजू व्हायचं होतं. दार उघडंच होतं. टेबलावर संगणक छान चालू होता आणि बायको त्यावर झबल्यांचे नमुने बघत होती. शेजारी पेचकस होता आणि त्यांचा खोडरबर, एका बाजूनं काळा झालेला.

"हा कुणी दुरुस्त केला?"

"मीच. रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं पुसली, परत बसवली. शिवणयंत्रापेक्षा सोपं आहे हो."

"हे तुला कुठं कळलं?"

"पुस्तकात. अभिप्राय द्यायचा म्हणून वाचली ना मी तिन्ही."

तक्तेराव जमिनीवर पसरलेल्या तक्त्याशेजारी बसले. हातातली नवी प्रत तशीच वेष्टनात होती.

"तिन्हींपैकी कुठल्या पुस्तकात?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तिन्हींत. अहो, तिन्ही पुस्तकांत एकच लिहिलंय. कुठलंही घेतलं असतंत तरी चाललं असतं."

"मग अभिप्रायात तसं लिहिलं का नाहीस?"

"लिहिणार होते," बायको म्हणाली. "पण आत काय लिहिलंय, त्याचा रकानाच नव्हता तुमच्या तक्त्यात."

तक्तेरावांनी जमिनीवरचा कागद ओढून घेतला. छपाई, शिलाई, वजन, जाडी, चित्रं, बाण. बोट फिरवत ते एकविसाव्या रकान्यापर्यंत गेले. त्याच्या पुढे, कागदाच्या कडेला, चार बोटं जागा रिकामी होती.