हवालदारांची ओवी

आमच्या गल्लीतले धोंडी हवालदार कुणी रडायला लागलं की खाडकन उभे राहत आणि ओरडत, ‘‘रडणं बंद!’’ मयताच्या घरीसुद्धा. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अवो, रडा की जरा.’’ तर म्हणाले, ‘‘हुकूम न्हाय!’’

पहिल्या महायुद्धात महाराजांच्या राज्यातून समुद्रापार बसऱ्याच्या लढाईला जी माणसं गेली, त्यांतले हे एक. त्यांचा जिवलग दोस्त दस्तगीर तिकडंच राहिला. त्याची म्हातारी आई, हाजराचाची, उचगावात एकटी असे. हवालदार दर बाजाराला जाऊन तिचं पाणी भरत, लाकडं फोडत. पण तिनं ‘‘धोंडी, माझा दस्तू कसा गेला रं?’’ एवढं विचारलं की कुऱ्हाड टाकून चालू लागत.

मी तालमीचा शाहीर. एक दिवस माझ्यापुढं येऊन ताठ उभे राहिले. ‘‘शाहीर, कवन शिकवा. चाचीला सांगायचं हाय, पर तोंडानं जमंना.’’

मी पोवाडा शिकवायला बसलो आणि या माणसानं माझं डोकं उठवलं. तोफ नाही, तलवार नाही! ‘‘तलवार घाला की, हवालदार!’’ म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले, ‘‘तापानं मेला त्यो! तलवार कुठली आणू?’’

तालमीतली मंडळी हसली. बापू पैलवान म्हणाला, ‘‘तापाचा कसला पोवाडा? उडवा की दोन तोफा. म्हातारीला काय कळतंय!’’ माझं टाळकंच फिरलं. उभ्या जन्मात पन्हाळ्यापलीकडं न गेलेल्या या लोकांना घरबसल्या तोफा पाहिजेत! आणि म्हातारीला कळत नाही? पोटचा पोर गेलाय तिचा! मी डफ खाली आपटला. ‘‘हवालदार, पोवाडा गेला खड्ड्यात. तुम्ही ओवी करा.’’

ओवी म्हटल्यावर हे थेट जात्यावरच बसले. मिशांवर पीठ आणि कवायतीचा आवाज, ‘‘पयली माझी ओवी! हुश्शार!’’ गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत. जातं असं गरागरा फिरवत की पिठाचा रवा व्हायचा. ‘‘ह्याच्या भाकऱ्या कशा थापू?’’ म्हणून बायको कावायची.

अखेर मला घेऊन उचगावला गेले. चाची दळत होती. हे समोर बसले, जात्याचा खुंटा धरला आणि मान खाली घालून ओरडलेच,

‘‘बसऱ्याच्या गं वाळूत, ताप दस्तूच्या अंगाला,
आईच्या हातची, आंबील मागाय लागला.
‘आई’ म्हनून दस्तूनं, हात माझा धरिला,
‘आले बाळा’ म्हनून, जबाब मी दिला.’’

जातं थांबलं. हवालदार खाडकन उभे राहिले. मला वाटलं, आता ‘रडणं बंद’ येणार. पण चाची त्यांच्याकडं नुसती बघत होती, आणि थरथरत होत्या त्या यांच्या मिशा. ‘‘हुकूम न्हाय, चाची,’’ ते कसेबसे म्हणाले.

चाचीनं हाताला धरून त्यांना खाली बसवलं. ‘‘त्याची आई मी हाय न्हवं? मग हुकूम माझा. रड.’’

तो हुंदका रस्त्यापर्यंत गेला. दोघं-तिघं दाराशी जमून आत डोकावू लागले. मला असा संताप आला म्हणता! ‘‘काय बघताय, पावणं?’’ मी ओरडलो. ‘‘चला पुढं! आई-लेक बोलत्यात.’’