बागेमागच्या गल्लीतल्या गाद्या

"अरे, मला शाळेतून काल—"

"निघायला उशीर झाला, माहितेय," लॅपटॉपमधून मान वर न काढता तो म्हणाला. त्याच्या शिक्षिका बायकोनं उघडलेलं तोंड मिटलं. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं, ही त्याची जुनी खोड. वेळ वाचतो, असं त्याचं ठाम मत होतं.

नोकरी सोडून स्वतंत्रपणे घेतलेलं त्याचं हे पहिलंच काम, गाद्यांच्या दुकानाची वेबसाइट. पत्त्याच्या रकान्यात त्यानं जीव ओतला होता. गिऱ्हाइकानं सुरुवातीची अक्षरं टाइप करायचा अवकाश, त्यांच्याशी जुळणारा सर्वांत जास्त वापरलेला पत्ता आपोआप भरला जाई. विचारणं नाही, थांबणं नाही. वेबसाइट कालच सुरू झाली होती.

दारावरची बेल वाजली. बाहेर टेम्पोवाला डबलबेडची गादी घेऊन उभा.

"आम्ही नाही मागवली."

"पत्ता तुमचाच आहे, साहेब. आणि खाली अजून आहेत."

त्यानं धावत जाऊन पत्त्यांची यादी उघडली. चाचणी घेताना त्यानं 'बागेमागची गल्ली' हा स्वतःचाच पत्ता इतक्यांदा टाइप केला होता की तो यादीत अग्रभागी जाऊन बसला होता. बागेसमोर, बागेजवळ, बागेलगत राहणाऱ्या सगळ्यांच्या गाद्या, त्यांनी 'बागे' लिहिताच, थेट त्याच्या घरी येऊन पडत होत्या. दुपारपर्यंत सोफा गाद्यांखाली गेला.

"जावईबापू, बाथरूमला कुठून जायचं?" दोन दिवस राहायला आलेल्या सासऱ्यांनी आतल्या खोलीतून विचारलं.

त्यानं घाईघाईनं आपला पत्ता यादीतून काढला. थोड्याच वेळात दुकानमालकाचा फोन.

"अहो, आता सगळा माल माझ्या सासूबाईंच्या दारात उतरतोय! संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

मालकानं हौसेनं पहिली ऑर्डर सासूबाईंच्या नावानं दिली होती, आणि त्याही बागेजवळच राहत होत्या.

त्यानं बाह्या सरसावल्या. काम हातचं जाऊ द्यायचं नाही! गाद्यांच्या ढिगावर चढून बसला आणि सासऱ्यांनाही वर ओढून घेतलं. "बाबा, तुमच्या घरचा पत्ता लिहा बरं यात."

सासरे बागेच्या पलीकडच्या अंगाला राहत. एका बोटानं, नजर कीबोर्डवर खिळवून त्यांनी लिहायला घेतलं. मान वर केली तर स्क्रीनवर भलताच पत्ता. खोडला, पुन्हा लिहिला. पुन्हा तेच.

"मला लिहू तरी देतोय का हा?" ते वैतागले. "अगदी तुमच्यावर गेलाय."

हे मात्र त्याला झोंबलं. तो कामाला लागला. आता सुचवलेले पत्ते रकान्याखाली नुसते उभे राहत. बोट लावलं तरच आत येत, नाहीतर माणसानं लिहिलेलं जसंच्या तसं राही. चुकून निवडलं तर खोडता येई, आणि खोडलेलं परत उगवत नसे. सासऱ्यांनी सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत आपला पत्ता लिहिला आणि विजयी मुद्रेनं पाहिलं. संध्याकाळी मालकाचा फोन आला. काम वाचलं होतं.

गाद्या परत गेल्या. बायको समोर येऊन बसली.

"अरे, मला शाळेतून काल—" ती सवयीनं थांबली.

त्यानं दात घट्ट आवळले. जिभेवर तीन-चार वाक्यं आली, ती गिळली.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"तू बोल. पूर्ण बोल."

"मला मुख्याध्यापिका केलंय. कालपासून सांगतेय."

त्याला आनंद झाला, आणि लाजही वाटली. "अगं, म्हणजे आता मी—"

"रोज संध्याकाळचा स्वयंपाक करेन," ती म्हणाली. "किती गुणी आहेस रे! बाबा, ऐकलंत ना?"

"ऐकलं," आतून उत्तर आलं.

तो खरं तर पेढे आणतो म्हणणार होता. पण खोडायची सोय त्यानं आज फक्त वेबसाइटवर केली होती.