वहीमागची रांग

"दहा मिनिटांचं काम आहे," मोठी म्हणाली. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापणाऱ्या भौतिकशास्त्राच्या बाई असं म्हणाल्यावर शंका कोण घेणार?

काम होतं तिच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या कॉम्प्युटरचं. अप्पांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. बटण दाबून अप्पा दाढी करायला जात आणि परत येत, तरी त्याचे डोळे उघडलेले नसत. मोठीचा धाकटा भाऊ परगावाहून म्हणाला होता, "अप्पा, टाकून द्या तो. नवा घेऊन देतो." ते अप्पांना लागलं. चालत्या वस्तूला कोणी टाकाऊ म्हटलं की बोलणं आपल्यावर आलं, असं त्यांना हल्ली वाटे.

म्हणून मोठीने त्याच मशीनवर जुन्या जड प्रणालीऐवजी अगदी हलकं लिनक्स चढवलं. त्यात खिडक्या सांभाळायला एक किडकिडीत प्रोग्राम, कारभारीच म्हणा, तेवढा होता. खालची पट्टी नाही, चित्रं नाहीत, मागे नुसता काळा पडदा. सकाळी उठल्यावर काय काय करायचं ते त्याला एका फाइलमध्ये लिहून द्यायचं, एका ओळीत एक काम. मोठीने तीन ओळी लिहिल्या. पहिली, अप्पांची रोजनिशी उघड. दुसरी, मागे आईचा फोटो लाव, आधीपासून असायचा तोच. आई दोन वर्षांपूर्वी गेली. फोटोत ती सायकलला टेकून, उन्हाने डोळे बारीक करून हसत होती. तिसरी, व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम चालू ठेव, कारण दर रविवारी दहाला धाकट्याचा कॉल येई.

मग तिने चाचणी घेतली. रोजनिशी उघडली. ती तिने बंद केली, तर मागे आई हसली आणि प्रोग्रामही हजर.

"अकरा मिनिटं," ती घड्याळ बघून म्हणाली आणि बस पकडायला निघाली. एक मिनिट जास्त लागलं, याचीच तिला काय ती खंत.

चारेक दिवसांनी तिने फोन केला.

"मशीन कसं चाललंय, अप्पा?"

"झटकन उठतं."

"आणि पडदा?"

"स्वच्छ आहे. काळाभोर."

मोठीला वाटलं, रोजनिशीची काळी खिडकी पडदाभर मोठी करून बसले असतील. अप्पांचा आवाज जरा कोरडा लागला, पण तो नेहमीच कोरडा असे.

पुढच्या सोमवारी धाकट्याचा फोन. "अप्पा कॉल उचलत नाहीत गं. रागावलेत का?"

"टाकून द्या म्हणालास ना? मग रागावतीलच," मोठी म्हणाली. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते.

त्यानंतर अप्पांनीच आडून विचारलं, "धाकटा बरा आहे ना?"

"त्याला कामं असतात, अप्पा."

झालं. दोन्हीकडच्या आगीत तेल ओतून बाई वह्या तपासायला बसल्या.

चौथ्या शनिवारी ती घरी गेली, तर पडद्याच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने आईचा पासपोर्टचा फोटो लावलेला. त्यात आई अजिबात हसत नव्हती.

"हे काय, अप्पा?"

"तू काढलीस, मी लावली."

"मी? आईला काढलं?"

अप्पा चष्मा पुसत राहिले. त्यांची बहीण, मोठीची आत्या, खिडकीशी स्वेटर विणत होती. ती म्हणाली, "आता बोल की. तीन आठवडे माझं डोकं खाल्लंस. अगं, मीच म्हटलं त्याला, शिकलेल्या लोकांना वाटतं, गेलेलं माणूस रोज समोर नको. पोरीने तुझ्या भल्यासाठीच केलं असेल."

मोठीचा चेहरा उतरला. तिने मशीन सुरू केलं. रोजनिशी उघडली, मागे काळोख. अप्पा नेहमीसारखे बसून तारीख लिहू लागले.

"अप्पा, ही तुम्ही बंद कधी करता?"

"बंद कशाला? टेबलावरचं घड्याळ जुळल्याशिवाय मी कधी झाकलं नाही. संध्याकाळी दिवस पुरा लिहायचा, जतन करायचा आणि थेट मशीनच बंद."

मोठीने कपाळाला हात लावला. कारभारी बिचारा प्रामाणिक होता. हातातलं काम संपल्याशिवाय तो पुढच्या ओळीला हात लावत नसे. याच्यासाठी थांबू नको, पुढे हो, असं सांगायला ओळीच्या शेवटी एक चिन्ह टाकावं लागतं. ते राहिलं होतं. आणि चाचणीच्या दिवशी रोजनिशी तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती! मुलांना ती बजावते, प्रयोगात आपलं बोट मध्ये घालू नये.

तिने रोजनिशी बंद केली. लगेच आई उन्हात हसली.

अप्पा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "इतके दिवस कुठे होती?"

"तुमच्या वहीमागे. रांगेत उभी होती."

तेवढ्यात कॉलचा प्रोग्रामही उघडला. त्यात न उचललेल्या कॉलची यादी होती. तीन रविवारांचे अकरा कॉल. अप्पांनी बोट लावून प्रत्येक रविवारची पहिली ओळ वाचली. "दहा वाजून दोन. दहा वाजून दोन. पुन्हा दोन." ते मोठीकडे वळले. "त्याचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. सांगायला हवं."

मोठीने धाकट्याला कॉल लावला.

"अप्पा, अजून रागावलाय?"

"मी कुठे रागावलो? तूच कामात..."

दोघंही थांबले. एक खुर्चीतून, एक पडद्यातून, दोघंही मोठीकडे बघू लागले. आत्यानेही विणकाम थांबवलं.

"एक चिन्ह राहिलं होतं," मोठी म्हणाली.

कॉल संपल्यावर तिने चिन्ह टाकलं आणि या वेळी हात मागे बांधून चाचणी घेतली. तिन्ही कामं एकदम झाली. रोजनिशीच्या कडेने आईच्या सायकलचं चाक दिसत होतं. अप्पांनी पासपोर्टचा फोटो हलकेच सोडवला, पाकिटात ठेवला आणि विचारलं, "एक चिन्ह राहिलं तर तू किती गुण कापतेस?"

"अर्धा."

अप्पांनी रोजनिशीत लिहिलं, 'मोठीने चूक दुरुस्त केली. अर्धा गुण कापला.' तीन रविवारांना अर्धा गुण. इतकं उदार तपासणं तिला कधी जमलं नव्हतं.

सोमवारी नववीच्या पेपरात एकक न लिहिलेली उत्तरं निघाली. मोठीने पहिल्या अकरा जणांचा गुण कापला नाही.

बाराव्याचा कापला. शेवटी शिस्त म्हणूनही काही असते.